जुनं क्रोनोग्राफ घेताय? मागचं झाकण अजिबात उघडू नका!

रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर फोटो येतो. पांढऱ्या चादरीवर घड्याळ, फ्लॅशचा गोळा बरोबर तबकडीच्या मधोमध, खाली दोन शब्द: 'ओरिजिनल का?' आणि मिनिटभराने, 'पैसे दिलेत.' सांगली-मिरजेत असे जाणकार हल्ली एवढे वाढलेत की त्यांच्या सोयीसाठी जुन्या क्रोनोग्राफची, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या मनगटी घड्याळाची, ओळख पटवायची पद्धत एकदाच लिहून ठेवलेली बरी.

सगळ्यात आधी विकणाऱ्याची गोष्ट मन लावून ऐका. संस्थानच्या कारभाऱ्यांनी १९६५ साली नोकरीत असताना घेतलेलं ओमेगा कंपनीचं स्पीडमास्टर क्रोनोग्राफ आहे म्हणाला, तर मान डोलवा. सांगली संस्थान १९४८ सालीच विलीन झालं, मग १९६५ ला कारभारी कसला, असलं काही विचारू नये. वाईट दिसतं. शिवाय २०१९ च्या महापुरात आठवडाभर पाण्यात होतं, तरी तबकडीवर एक डाग नाही! स्विस माल आहे ओ, असणारच.

तबकडीवर 'टॅग हॉयर' लिहिलंय आणि घड्याळ १९६३ चं सांगतायत? घेऊन टाका. हॉयर कंपनीला टॅग हे नाव १९८५ साली चिकटलं, म्हणजे घड्याळ बावीस वर्षं काळाच्या पुढे होतं.

मग दिवा घालवा. काटे आणि खुणा रात्रभर हिरव्यागार चमकल्या की खात्री झाली समजा. त्या काळी तिथे ट्रिटियम या किरणोत्सारी पदार्थावर चमकणारा रंग भरत, म्हणूनच तबकडीच्या तळाशी 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना बारीक 'टी' असतो. ट्रिटियमचा जोर दर १२.३ वर्षांनी निम्मा होतो. साठ वर्षांत उरतं तिनेक टक्के. ते चमकणार किती? पण तुमचं चमकतंय, म्हणजे तुमचं विशेष. खुणा पिवळ्या असतील तर आणखी छान. अस्सल जुनेपणाचा पिवळा काट्यांवर आणि तबकडीवर बहुतेक जुळता असतो, कडेला जरा भेगाळलेला. तुमच्याकडे काटे पांढरे आणि खुणांवर राजापुरी हळद लिंपल्यासारखा एकसारखा रंग. सांगलीचं घड्याळ म्हटल्यावर हळद येणारच.

बटणं दाबू नका. दाबली तर कळेल की स्पीडमास्टरमध्ये मधला लांब काटा मुळात स्टॉपवॉचचा, एरवी तो १२ वर गप्प उभा असतो आणि चालू सेकंद डावीकडच्या छोट्या तबकडीत फिरतात. वरचं बटण सुरू-बंद करतं, बंद केल्यावर खालचं दाबलं की सगळे काटे झटक्यात शून्यावर येतात. उजवीकडच्या तबकडीत ३० मिनिटं, खाली १२ तास. तुमच्या घड्याळात मधला काटा रात्रंदिवस फिरतोय आणि बटण दाबलं की छोट्या तबकडीत वार बदलतो, तर वार बघायची सोय झाली म्हणा.

बॉडीला बफ मारून घ्या. पट्टा अडकवायच्या कानांच्या धारदार कडा गोल झाल्या की खऱ्या घड्याळाचीही किंमत उतरते, मग खऱ्या-खोट्यात फरकच राहत नाही.

आता मुख्य नियम, मागचं झाकण. 'साहेब, झाकण उघडलं की सील जातं, किंमत उतरते' असं विकणारा म्हणाला की त्याच्या पाया पडा. साठ वर्षांत चार वेळा तेलपाणी झालेल्या घड्याळाला कसलं सील? झाकणाला खाचा असतात, पान्याने ते दोन मिनिटांत फिरतं. आत झाकणाच्या पोटात मॉडेल नंबर ठोकलेला असतो. मशीनवर आणखी एक पातळ लोखंडी आवरण, ते काढलं की मशीन, त्यावर कंपनीचं नाव आणि सीरियल नंबर. स्पीडमास्टरचा मॉडेल नंबर १०५.०१२ किंवा १४५.०१२ असेल तर आत ३२१ नंबरचं मशीन हवं, १४५.०२२ असेल तर ८६१ नंबरचं. ३२१ मध्ये बुरुजासारखे खांब असलेलं छोटं चाक दिसतं, ८६१ मध्ये त्या जागी कॅम, म्हणजे वेड्यावाकड्या कडेचा चपटा तुकडा. कानाला लावलं तरी कळतं, ३२१ सेकंदाला ५ ठोके देतं, ८६१ देतं ६. '६५ सालचं' म्हणून घेतलेल्यात ८६१ निघालं तर एक तर साल खोटं, नाहीतर मशीन नंतर घातलेलं, कारण ८६१ आलंच १९६८ ला. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या दिसल्या तर आत कोणीतरी चुकीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला होता. आणि तीनशे रुपयांचं, सेलवर चालणारं क्वार्ट्झ मशीन प्लॅस्टिकच्या कड्यात बसवलेलं निघालं तर भिंगही लागत नाही! हे सगळं दहा मिनिटांचं काम. गणपती पेठेत दोन पोती हळद घ्यायची तर हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय तुम्ही भाव बोलत नाही, मिरजेत सतार घेताना तारा छेडून, भोपळ्यावर टिचकी मारून बघता, आणि दीड लाखाच्या घड्याळाचं झाकण उघडायची लाज वाटते?

२०२१ च्या नोव्हेंबरात जिनिव्हात १९५७ सालचं एक स्पीडमास्टर ३१ लाख फ्रँकच्या वर विकलं गेलं. घेतलं कोणी, तर ओमेगाच्याच संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच सांगितलं की ते इकडचे-तिकडचे भाग जुळवून केलेलं होतं. घड्याळ बनवणारेच फसतात, आणि तुम्ही फ्लॅशच्या फोटोवर निकाल मागता. खोटं आहे म्हटलं की तोंड फुगवता, वर 'तुम्हाला जळतंय' म्हणता!

अहो, मूर्खपणा बंद करा. जुना लाल डबा बघून पैसे देऊ नका, डबे वेगळे विकत मिळतात. झाकण उघडून द्यायला नकार आला की उठून चालू लागा. फोटो काढायचा तर दिवसाउजेडी काढा, फ्लॅशशिवाय: तबकडीचा, कडेचा, झाकणाच्या पोटाचा, मशीनचा, नंबर वाचता येईल असा. आणि तो पैसे देण्याआधी पाठवा. दिल्यानंतर नाही, आणि रात्री साडेअकराला तर मुळीच नाही.