नोटचा पासवर्ड विसरलात तर त्या फॉरवर्डचं ऐकू नका

‘मोबाईलमधल्या खाजगी नोट्स शंभर टक्के सुरक्षित! या ६ ट्रिक कंपनीवाले सांगणार नाहीत’ असं एक फॉरवर्ड सध्या फिरतंय. मला ते आधी भाऊबंदांच्या ग्रुपवर आलं, मग भिशीच्या. दोन्ही वेळा सोडून दिलं. पण ते अमळनेर तालुक्यातल्या माझ्या मामांपर्यंत पोचलं, त्यांनी त्यातला तिसरा मुद्दा खरा मानला आणि फोन घेऊन मोबाईलच्या दुकानात जाऊन बसले. म्हणून आता उत्तर लिहायला घेतलंय. ज्यांनी ते पुढे ढकललं, त्यांनी हेही ढकलावं.

त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. एक, फोनला स्क्रीन लॉक असलं की नोटला वेगळं लॉक कशाला, घरातल्यांपासून काय लपवायचं? दोन, तरी लावलंच लॉक तर मग एटीएमचा पिन, बँकेचा पासवर्ड, सगळं त्यात बिनधास्त लिहा. तीन, नोटचा पासवर्ड विसरलात तर सेटिंगमध्ये जाऊन रीसेट करा, नाहीतर ॲप काढून पुन्हा टाका, सगळ्या नोट्स उघड्या होऊन परत येतात. तेही नाही जमलं तर मोबाईलच्या दुकानात ‘मास्टर कोड’ असतो. चार, बोटाचा ठसा बंद करा, तो झोपेत कोणीही लावून घेतं. पाच, कॅल्क्युलेटरसारखं दिसणारं तिजोरीचं ॲप घ्या. सहा, महत्त्वाची नोट व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवा.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण माणसाचं कायमचं नुकसान करणारा मुद्दा तोच आहे.

मामांकडे आयफोन आहे. पुण्यातल्या मुलाने नवा घेतला, जुना वडलांना दिला. आपल्याकडे हल्ली कितीतरी घरांत आयफोन असाच येतो. मामांनी त्यात एक नोट केली आहे. कोणत्या जिनिंगला किती क्विंटल कापूस घातला, काय भाव ठरला, किती पैसे हातात आले, किती बाकी, कोणत्या मजुराला किती उचल दिली आणि कोणत्या नातेवाइकाला किती हातउसने. शेवटच्या भागामुळेच त्या नोटला लॉक होतं. पासवर्ड मुलाने लावून दिलेला, तो डोक्यातून गेला. मला फोन आला तेव्हा एकच वाक्य, ‘मना समदा हिसाब गया, ताई.’ दुकानदाराने फोन हातात घेऊन सांगितलं होतं, ‘काका, सॉफ्टवेअर मारावं लागेल.’

सॉफ्टवेअर मारणं म्हणजे काय, हे दुकानाबाहेर फारसं कोणी सांगत नाही. फोन पूर्ण पुसून तो कोरा करणं. फोन चालू होईल, नोट नसेल. आणि ती आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या इंटरनेटवरच्या साठवणीत, गेलेली असेल तर परत येईल, पण लॉक लागलेलीच येईल. दोन्हीकडून हात रिकामेच.

आता ‘मास्टर कोड’. ॲपल स्वतः काय सांगतं ते ऐका, कारण इथे दुसऱ्या कोणाच्या मताला किंमत नाही. त्यांच्या मदतीच्या पानावर सरळ लिहिलंय की नोटचा पासवर्ड विसरलात तर लॉक केलेल्या नोट्स परत मिळवून द्यायला कंपनी मदत करू शकत नाही. नवा पासवर्ड लावता येतो, पण त्याने जुन्या नोट्स उघडत नाहीत. तो फक्त त्यानंतर लॉक होणाऱ्या नोट्सना लागतो. म्हणजे फॉरवर्डमधलं ‘रीसेट’ बटण खरोखर आहे, एवढं मान्य. ते दाबून जुनी नोट उघडते, हे धडधडीत खोटं.

कंपनी मदत का करत नाही? करायची नाही म्हणून नव्हे, करताच येत नाही म्हणून. फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोक्यात लोखंडी पेटीचं कुलूप आहे: किल्ली हरवली की कुलूपवाला बोलवायचा, कडी तोडायची, आतले कागद जसेच्या तसे. लॉक केलेल्या नोटमध्ये कागदच जसाच्या तसा राहिलेला नसतो. ॲपलच्या सुरक्षेच्या दस्तऐवजात ही पद्धत दिलेली आहे: तुम्ही टाकलेल्या पासवर्डपासूनच एक किल्ली तयार होते आणि त्या किल्लीने नोटमधला मजकूर आणि जोडलेले फोटो यांची अक्षरं पार बदलून टाकली जातात. पासवर्डची प्रत कंपनीकडे नसते. मग तालुक्याच्या दुकानात ‘मास्टर कोड’ कुठून येणार? जो म्हणतो माझ्याकडे आहे, तो एकतर फोन पुसणार आहे, नाहीतर फोन उघडायचा तुमचा पासकोड मागून घेऊन बाकीचा फोन बघणार आहे.

‘ॲप काढून पुन्हा टाका’ हे तर त्याहून वाईट. आयक्लाउडवर असलेल्या नोट्स परत येतात, पण ज्या फक्त ‘ऑन माय आयफोन’ या खात्यात, म्हणजे नुसत्या फोनमध्येच, असतात त्या ॲपबरोबर जातात. अँड्रॉइडवर ज्या नोट्सच्या ॲपचा बॅकअप कोणत्याही खात्याला जोडलेला नाही, तिथे ॲप काढलं किंवा ‘क्लिअर डेटा’ दाबलं की खेळ संपला. ज्या माणसाची नोट नुसती अडकलेली आहे, त्याला हे फॉरवर्ड ती मिटवायला लावतंय.

आणि आता चौथा मुद्दा बघा, म्हणजे या फॉरवर्डने माणसाला कसं कोंडलंय ते कळेल. ॲपलच्या त्याच सुरक्षेच्या दस्तऐवजात पुढे लिहिलंय की पासवर्ड विसरला तरी नोट्ससाठी टच आयडी (बोटाचा ठसा) किंवा फेस आयडी (चेहरा) चालू ठेवलेला असेल तर लॉक नोट बघता येते. पासवर्ड गेल्यावर उरणारं दार हेच. आणि फॉरवर्ड सांगतं, ते आधीच बंद करा. मामांनी चौथ्या मुद्द्यापर्यंत वाचलंच नव्हतं, म्हणून वाचले. मी विचारलं, ‘मामा, अंगठा लावून पाहिला का?’ लावला होता, उठला नव्हता. कापसाच्या दिवसांत बोटं फाटलेली असतात. रेशन दुकानातल्या मशीनवरही त्यांचा अंगठा असाच रुसतो. उजव्या हाताची तर्जनीही नोंदवलेली होती. हात धुऊन, पुसून ती लावली आणि नोट उघडली. पहिलं काम म्हणून सगळा हिशोब वहीत उतरवून घ्यायला लावला.

तेव्हा तुमच्यापैकी कोणाची नोट अडकली असेल तर क्रम असा ठेवा. काहीही रीसेट करू नका, काहीही काढू नका. ठसा किंवा चेहरा चालतो का बघा. पासवर्ड तीनदा चुकला की, लावताना ‘हिंट’ लिहिली असेल तर ती दिसते. ती कोणी लिहिली होती त्याला विचारा. उघडली की मजकूर दुसरीकडे घ्या आणि मगच नव्या पासवर्डचं बघा. आयफोनवर टच आयडीला पाच ठसे नोंदवता येतात. शेतात काम करणाऱ्यांनी दोन्ही हातांची बोटं द्यावीत, एकट्या अंगठ्यावर राहू नये. आणि नोटचा पासवर्ड कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फायलीत, कपाटात ठेवावा. कागदाला लोक हसतात, हसू द्या.

झोपेत कोणी ठसा लावून घेतं ही भीती मात्र अगदीच पोकळ नाही. असं घरात होऊ शकतं. ज्या बाईला नवऱ्याची किंवा सासरच्यांची खरीच भीती आहे, तिने ठसा बंद ठेवणं समजू शकते. तिने पासवर्ड माहेरच्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवावा. बाकीच्यांनी या भीतीपायी आपलं एकमेव दुसरं दार बुजवू नये.

यावरूनच पहिला मुद्दा. ‘घरातल्यांपासून काय लपवायचं’ हे वाक्य मला अजिबात पटत नाही. बचत गटाच्या अध्यक्ष बाईकडे दहा जणींचा हिशोब असतो, तो पोरांच्या हाती का पडावा? कोणाचं औषधोपचाराचं टिपण असतं, कोणाचं मनातलं. अर्धं खरं एवढंच की स्क्रीन लॉक ही पहिली भिंत आहे आणि ती मजबूत आहे: अँड्रॉइड १० (२०१९) पासून बाजारात येणाऱ्या नव्या फोनना आतली माहिती कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, ठेवणं गूगलने बंधनकारक केलं. फोन चोरीला गेला तर ती भिंत कामाची. पण आपल्या घरांत फोन चोराच्या हाती कमी आणि भाच्या-पुतण्यांच्या हाती जास्त असतो, तोही उघडा करून दिलेला. नोटचं लॉक त्या वेळेसाठी आहे.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल, पिन लिहायचाच नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. शिवाय एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: आयफोनवर नोट लॉक केली तरी तिचं शीर्षक यादीत दिसत राहतं, आणि आपण लिहिलेली पहिली ओळ हेच शीर्षक होतं. पहिल्याच ओळीत ‘स्टेट बँक एटीएम’ आणि पुढे चार आकडे लिहिले असतील, तर ते लॉक लावूनही उघड्यावर आहेत. आत्ता यादी उघडून बघा. तसं असेल तर नोट नंतर, आधी पिन बदला.

कॅल्क्युलेटरवाल्या ॲपवर जास्त शब्द घालवत नाही. कोणी बनवलं माहीत नाही, माहिती कुठे ठेवतं माहीत नाही, काढलं की आतलं सगळं जाण्याची भीती. आणि ही युक्ती आठवीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. एका फोनमध्ये दोन कॅल्क्युलेटर दिसले की तेच आधी उघडतात.

उरलं व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवणं. वाणसामानाची यादी पाठवा, हरकत नाही. पण आपल्याकडे सातबारा, मार्कशीट, आधारची प्रिंट काढायला लोक झेरॉक्सच्या दुकानात जातात, तिथल्या कॉम्प्युटरवर आपलं व्हॉट्सॲप स्कॅन करून जोडतात, कागद घेतात आणि निघून येतात. जोडणी तशीच राहते. स्वतःला पाठवलेली नोट मग त्या दुकानाच्या स्क्रीनवरही असते. फॉर्म भरायला सायबर कॅफेत जीमेल उघडून तसंच सोडून आलेल्यांच्या गूगल कीप या गूगलच्या नोट्स ॲपमधल्या नोट्सचंही हेच. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा, तिथे जे ओळखीचं नाही ते लॉग आउट करा. गूगल खात्यातही ‘युवर डिव्हाइसेस’मध्ये जाऊन तेच करा. मामांच्या यादीत दोन कॉम्प्युटर निघाले. त्यातला एक कुठला, हे त्यांना अजून आठवत नाही.