अशोकाच्या ‘नऊ अज्ञात पुरुषां’विषयी खुलासा

कलिंगच्या युद्धानंतर सम्राट अशोकाने नऊ विद्वानांचे गुप्त मंडळ नेमून प्रत्येकाच्या हाती एका घातक विद्येचा ग्रंथ सोपवला, असा संदेश सध्या फिरत आहे. त्यात माझ्याच जुन्या टिपणातील वाक्ये आहेत. प्राचीन भारतावरची एक रहस्यकादंबरी संपवली त्या रात्री, तिच्यातील हे कथासूत्र मी इतिहास समजून लिहून टाकले होते. ती माझी चूक होती.

नंतर अशोकाच्या शिलालेखांची भाषांतरे काढून वाचली. कलिंगविषयीच्या तेराव्या लेखात दीड लाख माणसे पकडून नेली गेली आणि एक लाख मारली गेली, हे राजा स्वतः सांगतो. नऊ पुरुषांचा किंवा लपवलेल्या विद्येचा उल्लेख मात्र त्यात कोठेही नाही. (हाच लेख खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, कोरलेला नाही, मला हे रहस्य कादंबरीतल्यापेक्षा अधिक अस्वस्थ करते.) राज्याभिषेकाला १३ वर्षे झाल्यावर त्याने नेमले ते धम्ममहामात्र, म्हणजे धम्माचे काम पाहणारे अधिकारी, आणि कैद्यांची व वृद्धांची काळजी घेण्याचे त्यांचे काम पाचव्या लेखात उघडपणे दगडावर कोरलेले आहे.

‘नऊ अज्ञात’ ही कल्पना प्रसिद्ध झाली ती टॅलबट मंडी यांच्या १९२३ सालच्या इंग्रजी कादंबरीमुळे. कादंबरीकाराला ते स्वातंत्र्य असतेच. दोष माझ्या वाचनाचा.

आपल्याकडे तो संदेश आला असल्यास कृपया पुढे पाठवू नये, आणि आधीच पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.