मायनिंगची वीज वाचवायचीये? मग मशीन बदला की!

बिटकॉइन मायनिंगला (म्हणजे कॉम्प्युटरकडून कोडं सोडवून नवे बिटकॉइन मिळवायला) वीज फार लागते म्हणून कोणी गळा काढला की अजिबात मनावर घेऊ नका, उपाय एकदम सोपा आहे, नवीन मशीन घ्या. २०१६ मधलं अँटमायनर एस९ एका टेराहॅशला (म्हणजे कोड्यात एक लाख कोटी आकडे घालून बघायला) साधारण १०० ज्यूल खायचं, २०२३ च्या एस२१ चं साडेसतरात भागतं. केवढी बचत! आता जुनं मशीन तेराशे-साडेतेराशे वॅटवर चालायचं आणि हे नवं काटकसरी बाळ साडेतीन हजार वॅट ओढतं, पण मीटरकडे बघायचं नाही, टेराहॅशकडे बघायचं. (मीटर काय, फिरतच असतं.)

काम तरी काय करतं हे मशीन, तर एक आकडा घालून बघायचा, जमला नाही की दुसरा, सेकंदाला दोनशे लाख कोटी वेळा, आणि दुसऱ्या कोणाला आधी जमला की आपलं सगळं केरात. परत पहिल्यापासून.

आणि तुम्हाला सुचलेली आयडिया बाकीच्यांना सुचत नाही असं थोडीच आहे. सगळ्यांनीच नवीन मशीन घेतली की ब्लॉक (व्यवहारांचा एकेक गठ्ठा, आकडा जमला की तो पक्का होतो) दहा मिनिटांच्या आत सापडायला लागतात, मग दर २०१६ ब्लॉकनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, नेटवर्क स्वतःच कोडं अवघड करून टाकतं, की परत दहा मिनिटांवर. बूट भारीतले घेतले तर मैदानच लांब झालं. नाउमेद व्हायचं नाही, अजून चार मशीन लावायची.

तरी मन खात असेल तर सोलर लावा आणि फोटो टाका. मशीन रात्रीही चालू ठेवावं लागतं, बंद ठेवलं तर पैसे वसूल कसे होणार, त्यामुळे फोटो तेवढा दुपारी काढा. अगदीच कोणी हाकललं तर बॅगा भरा. २०२१ मध्ये चीनने मायनिंगवर बंदी घातली तेव्हा किती तरी मशीन कझाकस्तानला गेली, तिथली बरीचशी वीज कोळशाची. चीनचा मायनिंगच्या विजेचा आकडा मात्र काय सुधारला!

फक्त इथेरियमचं (बिटकॉइनसारखंच दुसरं डिजिटल चलन) नाव काढू नका. त्या लोकांनी १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंगच बंद केलं, कोडी सोडवण्याऐवजी कॉइन तारण ठेवायची पद्धत आणली आणि वीज ९९ टक्क्यांहून जास्त घटली. ही काय बचत झाली? याला रडीचा डाव म्हणतात. बरं झालं, बऱ्याच जणांनी आपली मायनिंगची ग्राफिक्स कार्डं लगेच इथेरियम क्लासिककडे, म्हणजे मायनिंग चालूच ठेवलेल्या त्याच्या भावंडाकडे वळवली, परंपरा बुडू दिली नाही.

तर तुम्ही आत्ताच ऑर्डर टाका, आणि डिलिव्हरीला दोन आठवड्यांहून जास्त लागणार असतील तर त्याच्या पुढचं मॉडेलही बघून ठेवा.