वसईच्या घंटांमधलं सोनं

"चिमाजी अप्पांनी वसईच्या किल्ल्यातून आणलेल्या घंटा पंचधातूच्या आहेत, त्यात सोनं आहे, म्हणून त्यांचा नाद कोसभर जातो. जोरात वाजवा." भीमाशंकर, नाशिक, मेणवलीच्या फोटोंसह हा मजकूर फिरत असतो. घंटा पोर्तुगीज मुलखातून आल्या, एवढं खरं.

आधी सोनं. चर्चची घंटा तांबं आणि कथील यांचीच ओतत. शंभर किलोत साधारण ७८ किलो तांबं, २२ किलो कथील, म्हणजे आपलं कासंच. कथील २५ टक्क्यांवर गेलं की घंटा ठिसूळ होते, फार कमी पडलं की आवाज बोदा येतो. मौल्यवान धातूने नाद गोड होतो ही समजूत युरोपातही जुनीच. पण चांदी घालून नाद सुधारत नाही, जास्त झाली तर बसतो. थोडं जस्त-शिसं सापडलंच तर ते बहुधा मोडीच्या तांब्यातून आलेलं.

नाद ठरतो तो आकाराने. लोलक आपटतो तिथे जाडी तोंडाच्या व्यासाच्या तेराव्या हिश्श्याच्या आसपास ठेवतात: तीन फुटी तोंडाला पावणेतीन इंच. वर अंग पातळ होत जातं. कोसभर ऐकू जायला मुळात मनोऱ्याची उंची हवी. देवळापुढे पुरुषभर उंचीवर टांगलेल्या घंटेकडून ती अपेक्षा कशाला?

"किल्ल्यातून" हेही सरसकट म्हणता येत नाही. मोहीम १७३७ पासून चालली. ठाणे, साष्टी आधी हाती आली, वसई मे १७३९ मध्ये. या पट्ट्यात गावोगाव पॅरिश चर्च, म्हणजे त्या त्या वस्तीची चर्च होती. क्रॉस किंवा बाळ येशूसह मेरी दिसली म्हणून घंटा किल्ल्यातली ठरत नाही, अशी चित्रं कुठल्याही गावच्या घंटेवर असत. घंटेवर कोरलेल्या लेखात संताचं किंवा चर्चचं नाव आहे का ते पाहावं. आणि साल असतं ते ओतल्याचं: नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर १७२१, देऊळ मात्र १७४७ चं. मेणवलीची घंटा १७०७ ची. तिथे वाडा बांधणारे नाना फडणवीस जन्मले १७४२ ला.

राहिलं "जोरात वाजवा". लोलक ओढून कडेला दाबून धरला की कंप अडतो आणि तिथेच तडा जाण्याची भीती. टोला देऊन लगेच सोडावा. चिंच-रांगोळीने घासणं तर बंदच करा, अक्षरं झिजतात. वाचायची असतील तर अंधारात बाजूने तिरपा टॉर्च धरावा.