सिकलसेलच्या मुलीला ‘सोसायला शिकवा’ म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दलचा एक मजकूर फिरतो आहे. हा आदिवासींचा रोग, तो आईकडून येतो. अशी मुलं विशीपलीकडे जात नाहीत. बीट, गूळ आणि लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरून येतं. मुलगी असेल तर लग्न करू नये. आणि शेवटी, त्यांच्या दुखण्याचं कौतुक करू नये, सोसायला शिकवावं. माझी धाकटी बहीण एसएस पॅटर्नची आहे, म्हणजे सदोष जनुकाच्या दोन प्रती असलेली, आजार असलेली, म्हणून हे मुकाट्यानं वाचून सोडणं मला जमलं नाही.

‘आईकडून येतो’ हे आमच्या आईनं वर्षानुवर्षं ऐकलं. हा आजार व्हायला सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. दोघेही एएस, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेले वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस असण्याची शक्यता 25 टक्के असते. मी एएस निघाले, ती एसएस. एकाच घरातल्या आम्ही दोघी. विदर्भात गोंड, माडिया, परधान यांच्यात तो आहे, तसाच इतर समाजांतही आहे. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही आहे. जिथं पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथं हे जनुक टिकलं, कारण त्याची एकच प्रत असलेल्या माणसाला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं.

विशीचं म्हणाल, तर ती ओलांडून माझी बहीण आता एम.एस्सी. करते आहे. पण एकटीच्या उदाहरणावर कशाला जायचं? 1994 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात एसएस रुग्णांच्या मृत्यूचं मध्यक वय पुरुषांत 42 आणि स्त्रियांत 48 आढळलं होतं. तोवर दुखण्याचे झटके कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध रुळलंसुद्धा नव्हतं. हे आकडे अजूनही कमीच आहेत, आणि उपचार वेळेवर न मिळालेली लहान मुलं आजही दगावतात. आजार गंभीरच आहे. पण वीस वर्षांचा हिशोब मांडून मुलीची शाळा सोडवणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्याचा मला राग येतो.

बीट खुशाल खा. फक्त इथं रक्त कमी होतं ते लाल पेशी लवकर फुटतात म्हणून. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, सिकलची 10 ते 20 दिवस. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात आधीच जादा लोह साठत असतं, तेव्हा लोहाची गोळी तपासणीशिवाय देऊच नये. डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड देतात, ते वेगळं.

लग्नाचं थोडक्यात: एसएस मुलीचा जोडीदार एए, म्हणजे सदोष जनुक नसलेला असेल तर मुलं एएस होतील, एसएस एकही नाही. गरोदरपण जोखमीचं असतं, औषधं आधीच डॉक्टरांशी बोलून बदलावी लागतात. पण लग्न करायचं की नाही, हे तिचं तिनं ठरवायचं.

आता ‘सोसायला शिकवा’. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली, ताप आला, की त्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही. क्रायसिस म्हणतात तो हाच. तो सिद्ध करणारी एकही रक्तचाचणी नाही, एक्स-रेही पुष्कळदा स्वच्छ येतो, आणि म्हणून लोक म्हणतात, नखरे करते. माझ्या बहिणीला एकदा रात्री दवाखान्यात हेच ऐकावं लागलं होतं. ती कण्हत होती, तरी तिनं फाइल उघडून आधीचे रिपोर्ट दाखवले, मागच्या वेळी कोणतं औषध किती दिल्यावर आराम पडला ते सांगितलं, आणि सलाइन सुरू होईपर्यंत गप्प बसली नाही. मी, तिच्याहून मोठी, शेजारी नुसती रडत होते.

तिचं मला कौतुक वाटतं ते याचं. ‘ताई, छातीत दुखून राहिलं, आता निघू,’ असं ती पहाटे तीन वाजता सांगते. छातीत दुखणं, धाप लागणं, 101 च्या वर ताप, पोटात डावीकडे प्लीहा फुगणं, अचानक हातापायातली शक्ती जाणं: यातलं काहीही सोसायचं नसतं, तासाभराचा उशीरही महागात पडतो. सोसण्याची शाबासकी मिळालेलं मूल हे लपवायला शिकतं. परीक्षेच्या हॉलमध्ये पाण्याची बाटली मागताना, मे महिन्याच्या चंद्रपुरी उन्हात सहलीला ‘मी येत नाही’ म्हणताना, मैत्रिणींना कारण न लपवता सांगताना तिला किती बळ लागतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

तो मजकूर ग्रुपवर आला, तेव्हा खाली तिनंच लिहिलं: ‘मी एसएस आहे. तुमच्यापैकी किती जणांनी सोल्युबिलिटी टेस्ट केली आहे?’ उत्तर कुणाचंच आलं नाही. सिकलसेलची ही पहिली चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातल्या रक्ताच्या थेंबावर होते, पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या चाचणीनं एएस की एसएस हा पॅटर्न कळतो. पुढच्या आठवड्यात दोन चुलत भाऊ जाऊन आले. एकाचा एएस निघाला, आणि त्याच्या होणाऱ्या बायकोची तपासणी आता ठरली आहे.