गवा, मामा आणि मी

परवा दाजीपूरच्या रानात मला ‘ओ सायेब, गप्प बसा जरा’ असं ऐकवलं गेलं. मला! गप्प बसता यावं म्हणूनच ज्यानं दोन रात्रींचे पैसे आगाऊ भरले होते, त्याला.

कोल्हापूरपासून ऐंशीएक किलोमीटरवर, रानाच्या कडेला लाकडी खोली. रेंज नाही, टीव्ही नाही, गीझर नाही. जाहिरातीत ‘निसर्गाच्या कुशीत’ लिहिलं होतं. गीझर बहुधा तिथंच गेला असावा.

पहाटे वाटाड्या आम्हा सहा जणांना घेऊन निघाला. वाटेत शेकरू दिसलं. म्हणजे शेपूट दिसलं. म्हणजे फांदी हलली. राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटर, १९५८ साली गव्यांसाठी राखलं, हे सगळं मी रात्री पाठ करून ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही.

सहावे होते कोल्हापूरच्या गंगावेशीतले एक मामा. दुधाचा धंदा, दारात अकरा म्हशी, डोक्याला मफलर. मुलानं वाढदिवसाची भेट म्हणून पाठवलेले. पाणवठ्याजवळ झुडपाआड बसलो, अर्ध्या तासानं झाडीतून गवा आला. काळाभोर, चारी पायांत पांढरे मोजे. माझा श्वासच अडकला. मामांचा अडकला नाही.

“मादी हाय,” मामा म्हणाले. “कास बघा की. दूध किती दील ओ?”

“शूऽ,” मी.

“आन् शिंगं आमच्या पंढरपुरीची न्हाईत ह्या म्हशीला.”

इथं माझ्यातला मास्तर जागा झाला. गवा म्हणजे म्हैस नव्हे, तो गाईच्या कुळातला, त्याला बायसन म्हणणंसुद्धा चूक, असं मी कुजबुजत समजावू लागलो. बरंच समजावलं असावं. कारण वाटाड्या वळला आणि वर सांगितलेलं वाक्य बोलला. मामांना नव्हे, मला.

मामा मात्र चालूच. “दिवाळी पाडव्याला या. शिंगं रंगवून, मोरपिसं लावून म्हशी काढतो. गाडी पुढं आन् म्हस मागं पळती. तिकीट न्हाई.” मग डोळे बारीक करून म्हणाले, “गाभण हाय ही. पोट खाली आलंय.”

“बरोबर मामा,” वाटाड्या हळूच म्हणाला, “आमचाबी तोच अंदाज.” आणि दोघं गाभण जनावराच्या चालीवर बोलत बसले, शेजारच्या गोठ्यात बसल्यासारखे. त्यांना कुणी गप्प केलं नाही. दुर्बिणीवर मी साडेचार हजार घातलेत, मामांनी मफलरवर किती घातले असतील?

रागारागात दुर्बीण डोळ्यांना लावली तर काचांवर वाफ. पुसेपर्यंत मादी वळली होती. मला दिसला तो पार्श्वभाग. तोही जाताना. आणि हेच गवे २०२१च्या डिसेंबरात आपल्या पायांनी कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आले होते, तेव्हा मी मेला पुण्यात!

निघताना बिलात चहाचे वेगळे, गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे आणि ‘वन्यप्राणी दर्शन’ म्हणून तिसरंच काही. मी म्हटलं, मला अर्धाच दिसला, अर्धे पैसे घ्या.

व्यवस्थापक वहीतून मान वर न काढता म्हणाला, “असं कसं सर? मामा तर दोन दिसले म्हणत्यात.”