शेगडी तंबूच्या बाहेर, आणि ‘8 जणांचा’ तंबू चौघांसाठी

काल रात्री भाचीनं एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, “मामा, तंबूचं ठरलं, असाच घेतोय.” डिसेंबरच्या शेवटी आठ जण इंदूरजवळच्या चोरलला मुक्कामाला जाणार आहेत. त्यात तिच्या सासूबाई आणि दोन लहान मुलं. हाच मेसेज इंदूरच्या आमच्या तीन ग्रुपांवर आठवडाभर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कॅनव्हासच्या तंबूवर जेवढी माणसं लिहिली असतील तेवढी सामानासकट आरामात झोपतात, मोठा तंबू म्हणजे पैसे वाया, दाटीनंच ऊब राहते, तंबूच्या मापाएवढी जागा पुरे, आणि कॅनव्हास ‘श्वास घेतो’, म्हणून थंडीत आत कोळशाची शेगडी ठेवून खुशाल झोपा.

शेगडीचं आधी बोलतो. बाकीच्या चुकांनी फार तर पाठ धरेल, या चुकीनं माणसं सकाळी उठणार नाहीत. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. धूर थांबला, निखाऱ्यांवर राख चढली की लोकांना वाटतं आता धोका गेला. नाही गेला. धुमसणारा निखारा हा वायू सोडतच राहतो. अमेरिकेत विक्रीच्या कोळशाच्या पिशवीवर कायद्यानं इशारा छापावा लागतो: घरात, गाडीत किंवा तंबूत हा कधीही जाळू नका. त्यात ‘तंबू’ हा शब्द स्पष्ट आहे, कॅनव्हासला सूट नाही.

कॅनव्हास हवा खेळू देतो हे अर्धं खरं, मान्य करतो. नायलॉनपेक्षा आत दमट कमी होतं. पण सुती धागा ओला झाला की फुगतो आणि विणीतली भोकं बुजतात, म्हणून तर पाऊस आत येत नाही. पहाटे दवानं भिजलेला तंबू, दार बांधलेलं, कडा गाद्यांखाली दाबलेल्या. मग हवा येणार कुठून?

आता माप. आज सकाळी गच्चीवर खडूनं 10 बाय 12 फूट आखलं, त्यांना मिळतोय त्या ‘8 जणांच्या’ तंबूएवढं. आपली साधी गादी 6 फूट लांब, अडीच फूट रुंद. चार-चारच्या दोन ओळी घातल्या तर आठ गाद्या बरोबर मावतात, आणि मग बोटभर जमीन उरत नाही. बॅगा कुठं, चपला कुठं? सासूबाईंना रात्री उठायचं झालं तर अंधारात पोरांच्या अंगावरून जायचं? शिवाय कडेला कापड उतरतं, तिथं झोपणाऱ्याचं डोकं ओल्या कॅनव्हासला टेकतं आणि नेमकं तिथूनच पाणी झिरपतं. मालव्यातल्या थंडीत रजया लागणार, त्यांची जागा वेगळीच. माणशी 25 ते 30 चौरस फूट धरा. म्हणजे आठांसाठी 10 बाय 12 चे दोन तंबू, नाहीतर 5 मीटर व्यासाचा एक गोल तंबू आणि सामानाला छोटी राहुटी.

दाटीनं ऊब राहते, तेवढं खरं. मोठा तंबू गार पडतो आणि जडही असतो. त्यावर उपाय खाली जाड सतरंजी आणि अंगावर जास्तीची रजई.

जागेचं तर साफच चूक. तणाव्यांना, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्यांना, चारही बाजूंना निदान दीड मीटर मोकळं लागतं, नाहीतर खुंट्या शेजारच्या तंबूत जातात.

भाचीला सांगितलंय, शेगडी बाहेर पेटवा, हात शेका, जेवण झाल्यावर पाणी ओतून विझवा आणि रात्रभर बाहेरच राहू द्या. हा मेसेज तिला ज्यांनी पाठवला त्यांना आज संध्याकाळी मी स्वतः फोन करतोय.